भर उन्हातली बाज

मे महिन्यात, भर तपनीत, कोणी अंगणात बाज टाकून बसलं असेल, तर ती आमच्या शेजारची सुलोचनाच. सगळा वर्धा जिल्हा कूलरपुढून हलत नाही, आणि ही बाई कामावरून आली की उन्हात! मला आधी वाटलं, डोक्यावर परिणाम झाला बिचारीच्या.

तिच्या सासूला, आनंदाबाईंना, तर शरमच वाटायची. "अवं, आत ये! सुनेले घरात जागा देत नाई म्हणतीन लोक!" असं त्या ओरडल्या की सुलोचना मुकाट्यानं उठायची, आत कूलरसमोर जाऊन बोटं काखेत दाबून बसायची.

देवळीकडच्या आइस्क्रीमच्या कारखान्यात ती कामाला होती. थंड खोलीत माल रचायचा, गाडी आली की काढून द्यायचा. बोटं सुजायची. "पोरीच्या हाताचं वाटोळं होऊन राह्यलं," आनंदाबाई मला सांगायच्या. शेवटी त्यांनी ठरवूनच टाकलं, नोकरी बंद. आणि त्यांनी एकदा ठरवलं की घरात कोणाची बोलायची टाप नव्हती. सुलोचनाला जेवण जाईना. आधी कापूस वेचायला जायची तेव्हा सगळे तिला रुपेशची बायको म्हणत. कारखान्यात तिला नावानं हाक मारत, माल कुठं ठेवायचा ते तिला विचारत. हे सोडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

तेवढ्यात कारखान्यानं कामगारांच्या घरच्यांना एका रविवारी बघायला बोलावलं. आनंदाबाई म्हणाल्या, "चला, तिथंच साहेबाले सांगून मोकळी होतो." ऑटोत सासू, नवरा रुपेश, लेक पौर्णिमा, आणि उरलेल्या जागेत मी. फुकटचं आइस्क्रीम कोण सोडते?

पौर्णिमा दुधाच्या टाक्या बघून नाचत होती. आनंदाबाईंचं एकच, साहेब कुठाय? सुलोचना म्हणाली, "आई, आधी माही जागा तर पाहा." तिनं आम्हाला जाड कोट चढवले आणि थंड खोलीचं जड दार उघडलं.

मा माय! काय ती थंडी! आनंदाबाईंचे दात वाजायला लागले. सुलोचना मात्र खोक्यांच्या थप्प्यांमधून फिरत कुठला माल कुठं ते दाखवत होती, तेही हसत. तिला इतकं बोलताना मी घरी कधी पाहिलंच नव्हतं.

बाहेर आल्याबरोबर आनंदाबाईंनी कोट टाकला आणि सरळ गेटजवळच्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर पदरसुद्धा नाही.

"आई, साऊलीत ये, लू लागन," रुपेश म्हणाला.

"थांब रे! हाडात ऊन जाऊ दे."

मग त्या सुनेकडे वळल्या. "रोज एवढ्या थंडीत राह्यते? सोड वो पोरी हे."

सुलोचनाचे डोळे भरून आले. "कामाचा तरास नाई होत, आई. घरी आल्यावर तुमी उन्हातून उठवता ना, त्याचा होते."

साहेब स्वतः येऊन नमस्कार करून गेले, पण आनंदाबाईंनी नोकरी सोडायचं नावही काढलं नाही. परतताना ऑटोत सुनेची बोटं आपल्या हातात घेऊन बसल्या होत्या. मला तर भरूनच आलं.

दुसऱ्या दिवशी सुलोचना यायच्या वेळेला आनंदाबाईंनी निंबाखालची बाज ओढत उन्हात आणली आणि वर गोधडी अंथरली. रस्त्यानं जाणाऱ्या सीताबाईंनी हटकलंच, "काऊन वो, एवढ्या तपनीत बाज?"

आनंदाबाईंनी मानही वर केली नाही.

"माही सून कामावरून येऊन राह्यली."