गंगाधरपंत कोण?

“एक तर हे पुस्तक कपाटातून काढा, नाहीतर माझं नाव मेंबरांच्या यादीतून काढा,” भास्करराव गुप्ते म्हणाले आणि अर्ज माझ्या टेबलावर ठेवून उभेच राहिले.

मी तेव्हा जव्हारच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. संस्थानाचे दिवस. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं. भास्करराव संस्थानाच्या मोजणी खात्यातून रिटायर झालेले. उंच, भरघोस मिशा, आणि ऊन असो नसो हातात काळी छत्री. सगळा मुलूख त्यांनी साखळी घेऊन पायाखाली घातलेला. शेताची लांबीरुंदी मोजायची ती लोखंडी कड्यांची साखळी, तीच ही. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

“बसा ना, भास्करराव,” मी म्हणालो.

“बसायला आलेलो नाही. अर्ज वाचा.”

अर्ज ‘गंगाधरपंतांची मोजणी’ या कादंबरीविरुद्ध होता. लेखक कै. दामोदर कारखानीस. हे भास्कररावांच्याच हाताखाली कारकून होते. ते तापाने वारले. त्यांच्या मागे ट्रंकेत वह्या सापडल्या आणि त्यांच्या पत्नीने, यमुनाबाईंनी, त्या पुण्याहून छापून आणवल्या. म्हणजे लेखकाने स्वतःचं पुस्तक कधी पाहिलंच नाही.

गोष्ट विनोदी. गंगाधरपंत नावाचा मोजणीदार डोंगरातला एक पाडा मोजायला जातो. पाड्यावरच्या लोकांना वाटतं, मोजलं की शेतसारा वाढणार. ते साखळीचं दुसरं टोक म्हशीला बांधतात. म्हैस चरत चरत जाते, पंत आकडे लिहीत बसतात, आणि नकाशात तो पाडा थेट नाशिकच्या हद्दीत जाऊन पोचतो. पंतांच्या हातात सदा छत्री, नाकात तपकीर, आणि तोंडी “हं, पुढे!”

भास्करराव बोलताना दर दोन वाक्यांनी “हं, पुढे!” म्हणत. आता अर्जाचं कारण वेगळं सांगायला नको.

पण तक्रार त्यांची एकट्याची नव्हती. कचेरीतले काही जण म्हणत, सरकारी माणसाची टवाळी केली आहे. शाळेतल्या एका शिक्षकांचं म्हणणं बरोबर उलट: डोंगरातल्या गरिबांना लबाड दाखवलं आहे. काही जण पुस्तक हसता हसता बायकोला वाचून दाखवत. काहींना त्यात हसण्यासारखं काही सापडतच नसे. दोन मेंबरांनी तर यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

खरं सांगायचं तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही हसू आलं नव्हतं. म्हणूनच मला या प्रकरणाचं कुतूहल होतं. तीच पानं, तीच शाई. एकाला हसू येतं, दुसऱ्याला राग, तिसऱ्याला जांभई. हे होतं कसं?

कमिटीचे चेअरमन म्हणजे एक रिटायर हेडमास्तर. त्यांनी अर्ज वाचला आणि मला म्हणाले, “आठ दिवसांनी मीटिंग. तुम्ही रिपोर्ट द्या. पुस्तक ठेवावं की काढावं, आणि का. गुळमुळीत लिहू नका.”

“साहेब, माझं मत कोण ऐकणार?”

“ते ऐकतील न ऐकतील. पण रिपोर्ट चुकला तर तुमच्या नोकरीबद्दलही कोणीतरी अर्ज देईल, एवढं लक्षात ठेवा.”

मी कामाला लागलो. आधी देवघेवीचं रजिस्टर काढलं. कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी परत केलं, याची ती नोंद. ‘मोजणी’ एकही महिना कपाटात स्वस्थ बसली नव्हती. आणि त्या नावांमध्ये भास्कररावांचं नाव चार वेळा होतं. चार वेळा! मी रजिस्टर मिटलं. कोण काय वाचतो हे ग्रंथपालाने दुसऱ्याला सांगायचं नसतं. रिपोर्टात हे घालता येणार नव्हतं.

पुस्तकाची शिवण उसवली होती, म्हणून ते इब्राहिमभाईंकडे नेलं. इब्राहिमभाई गावातले बाइंडर. जुजबंदी, म्हणजे छापील पानांचे घडी घातलेले गठ्ठे दोऱ्याने एकमेकांना शिवणं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना मराठी वाचता येत नसे. ते उर्दू वाचत. पण पुस्तक हातात घेऊन ते कडा उजेडात धरत आणि त्याच्याबद्दल पुष्कळ काही सांगत.

“मास्तर, ये देखो. इथे कडा काळी झालीय ना? इथे लोक थांबतात. बोटं लागून लागून मळलंय.”

ते पान म्हशीचं होतं. अपेक्षेप्रमाणे.

“और एक जागा आहे. इथे मळ कमी, पण पान नरम पडलंय. इथे कोणीतरी पुस्तक उघडं टाकून बसतं. वाचत नाही, बसतं. काय लिहिलंय?”

मी पान पाहिलं. गंगाधरपंत भर उन्हाळ्यात पाड्यावर पोचतात. त्यांच्यापुढे पाण्याचा हंडा आणून ठेवतात. पंत त्या पाण्याने पाय धुतात, वर पाणी गढूळ म्हणून कुरकुरतात. सगळा पाडा उभा राहून बघतो. दुसऱ्या दिवशी त्यांना कळतं, हंडा भरून आणायला एक म्हातारी पहाटे निघून दुपारी परतली होती. मग पंत लाजेने स्वतः हंडा घेऊन झऱ्यावर जातात, घसरतात, आणि हंडा फोडतात.

इब्राहिमभाईंना वाचून दाखवलं. ते हसले नाहीत. सुईत दोरा ओवत म्हणाले, “ये लिखनेवाला आदमी खुद गेला असणार.”

परत आलो तर आमचा शिपाई सोनू दारात कंदिलाच्या काचा पुसत होता. सोनू डोंगरातल्या सूर्यमाळचा, चाळिशी उलटलेला. तो म्हणाला, “मास्तर, त्या पुस्तकात आमच्याकडचा लिवलाय म्हनतात. मना वाचून दाखवा की.”

मी म्हशीचं प्रकरण वाचलं. त्याने मान हलवली. “म्हस अशी सरळ नाय चालत,” एवढंच म्हणाला. मग हंड्याचं वाचलं. त्याने काच खाली ठेवली.

“ता खरा हाय, मास्तर. आमच्याच पाड्यावर झाला. माझी आयस गेलेली पान्याला. मी तठंच उभा होतो.”

“मग ते भास्करराव होते?”

“नाय हो! मोठा सायेब जामसरला होता. हा बारका सायेब. चष्मेवाला. दुसऱ्या दिशी आयशीच्या संगं गेला नं हांडा भरून आनला.” काच पुन्हा उचलत तो म्हणाला, “पर हांडा फुटला नाय. पुस्तकात उगा फोडला.”

चष्मा दामोदरपंत कारखानीस लावत असत. पुस्तकात त्यांचा फोटो होता.

मी यमुनाबाईंकडे गेलो. पुस्तक निघाल्यापासून आळीतल्या निम्म्या बायकांनी त्यांच्याकडे येणंजाणं टाकलं होतं, हे मला तिथे कळलं. मी सोनूचं बोलणं सांगितलं.

“मग? तुम्हाला काय वाटलं होतं?” त्या म्हणाल्या. “गंगाधरपंत म्हणजे हेच. दौऱ्यावर स्वतःची काय काय फजिती झाली ते लिहून काढायचे आणि आपलेच हसत बसायचे. मला वाटायचं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. मिशा आणि छत्री तेवढी भास्कररावांची घेतली. म्हणायचे, माझ्या अंगावर विनोद शोभत नाही, अंगापिंडाने माणूस भरलेला हवा.”

“हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?”

“कोणी विचारलं का? जो तो आपापलं ठरवूनच येतो.” त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. “कमिटीला काढायचं असेल तर काढू दे. पण वाचून काढा म्हणावं.”

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा वाचलं आणि या वेळी मला हसू आलं. पाय धुण्याच्या पानावर आलं, आणि हसताना जरा लाजही वाटली.

मीटिंगला नऊ मेंबर आणि अर्जदार म्हणून भास्करराव हजर होते. मी रिपोर्ट वाचला. पुस्तक ठेवावं, कारण त्यात कोणा इसमाची बदनामी नाही. गंगाधरपंत म्हणजे खुद्द लेखक. सोनूचं म्हणणं आणि यमुनाबाईंचं म्हणणं, दोन्ही त्यांच्या परवानगीने सांगितली.

मला वाटलं, भास्कररावांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्यांचा चेहरा मात्र एकदम पडला.

“कोण म्हणतं दामू म्हणून?” ते म्हणाले.

“त्यांच्या पत्नी म्हणतात.”

“तिला काय माहीत? ती होती का जामसरला? साखळी म्हशीला बांधली ती माझी! अर्धा मैल लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. दामू तेव्हा तंबूत झोपला होता. मी येऊन सांगितलं म्हणून त्याला कळलं!”

भास्करराव उठून उभे राहिले.

“छत्री माझी. तपकीर माझी. आणि तेराव्या पानावर पंत घोड्यावर उलटे बसतात तेव्हा काय म्हणतात? ‘घोडं बरोबर आहे, रस्ताच उलटा आलाय. हं, पुढे!’ हे वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझा. हंड्याचं तेवढं दामूचं असेल, ते त्याला देऊन टाकतो. बाकी गंगाधरपंत मीच.”

चेअरमन शांतपणे म्हणाले, “मग आपल्या अर्जाचं काय करायचं?”

“अर्ज राहू द्या बाजूला. आधी मिनिटांत लिहा, की तो मी आहे.”

मीटिंगचा वृत्तांत लिहितात त्या वहीला आम्ही मिनिटं म्हणत असू. चेअरमननी तसं लिहायला नकार दिला. कादंबरीतला माणूस कोण, हे ठरवण्याचा कमिटीला अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. अर्ज मात्र मागे घेतला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भास्करराव आले, यमुनाबाईंना दाखवून आणतो म्हणाले, आणि पुस्तक घेऊन गेले. ते दोन तास तिथे बसले होते आणि कोणता प्रसंग कोणाचा यावरून दोघांचं चांगलंच वाजलं, असं शेजाऱ्यांकडून कळलं. पुढे दर महिन्याला ते तिथे भांडायला जात. आळीतल्या बायकाही मग ऐकायला म्हणून जाऊ लागल्या.

शिक्षकांची तक्रार तशीच राहिली. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं, असं मला अजून वाटतं. संस्थान गेलं, कमिट्या बदलल्या. प्रत्येक नव्या कमिटीकडे ‘मोजणी’विरुद्ध एक तरी अर्ज आला आणि प्रत्येक वेळी मला रिपोर्ट लिहावा लागला. आमच्या प्रतीचं बाइंडिंग तीनदा झालं. शेवटचं इब्राहिमभाईंच्या मुलाने केलं.

माझी सारी नोकरी त्या एकाच खोलीत गेली. ज्यांच्याबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नाही, अशी पुस्तकंही तिथे पुष्कळ होती. चार्ज देताना मी ती मोजली. सगळी जागेवर होती, आणि बऱ्याचशांची छापखान्यातून जोडलेली आलेली पानं वाचायला अजून कोणी कापलेलीसुद्धा नव्हती.