कार्डांना लावलेल्या रंगीत पट्ट्या

बोर्डावर पुन्हा एकच उंच हिरवा खांब उभा राहिला. सगळ्या वर्गाचं उत्तर बरोबर. पोरांनी टाळ्या पिटल्या. मागच्या बाकावर बसलेल्या हेडसरांनी मात्र तोंड वाकडं केलं.

"मॅडम, सगळ्यांना सगळंच येतंय, मग एवढा महागाचा बोर्ड हवा कशाला? हात वर करा म्हटलं तरी भागेल. दहावीला देऊन टाकू. गुरुवारी अजून एक तास बघतो, मग ठरवतो."

मी दारात झाडू घेऊन उभी होते. नाशिक रोडच्या या शाळेत मी शिपाईकाम करते, सगळे मावशी म्हणतात. स्वतः चौथीच शिकले, म्हणून चौथीच्या वर्गापाशी माझा झाडू जरा रेंगाळतो.

बोर्ड म्हणजे भिंतीवरचा मोठा मोबाइलच. बोटानं लिहिता येतं. सोबत प्रत्येक पोराला एक चौकोनी कार्ड. मधे काळी नक्षी, चार कडांना अ, ब, क, ड. जे उत्तर वाटतं ती कड वर धरायची. मॅडम मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि कुठलं उत्तर किती जणांनी दिलं त्याचे खांब बोर्डावर दिसतात. बरोबर उत्तराचा खांब हिरवा होतो. कोण चुकलं ते फक्त मॅडमना कळतं, त्यामुळे लाजरी पोरंही उत्तर देतात. मला हे फार आवडतं.

पण कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी. पोरं कार्ड उलटसुलट धरायची. आमच्या घरी वायरिंगचं काम, रंगीत टेप पडलेली असते. एका शनिवारी बसून मी सगळ्या कार्डांच्या कडांना ती लावली. अ लाल, ब पिवळी, क निळी, ड हिरवी.

"मावशी, कमाल केलीत!" मॅडम म्हणाल्या.

त्या सोमवारपासून चुका बंद झाल्या. मला वाटलं, टेपचा गुण.

होता टेपचाच गुण. सरांचं बोलणं ऐकल्यावर मी पोरांकडे नीट बघायला लागले. प्रश्न आला की बोर्डाकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांच्या माना तन्वीकडे. तन्वी वर्गात पहिली. तिचं पिवळं वर झालं की वर्गभर शेवंती फुलायची.

दोन दिवस सांगू की नको करत राहिले. कौतुक एकदा घेतलेलं, परत कसं करायचं? बुधवारी डब्याच्या सुट्टीत बोलले.

"मॅडम, पोरं प्रश्न वाचतच नाहीत. तन्वीच्या कार्डाचा रंग बघतात."

मॅडमचा घास हातातच राहिला. मग त्या खो-खो हसल्या. "आणि मी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते! काढा ती टेप."

टेप निघाली, चिकटपणा राहिला. तो खोबरेल तेलानं पुसला. गुरुवारी सकाळी पहिली तक्रार आली, "मॅडम, कार्डाला वेणीचा वास येतोय."

सर येऊन बसले. मॅडमनी प्रश्न टाकला. व्हरांडा वीस मीटर लांब. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर पाच मीटरवर एक कुंडी, दोन्ही टोकांनाही आहे. एकूण कुंड्या किती?

माना तन्वीकडे वळल्या. रंगच नाही. पोरं गडबडली, मग नाइलाजानं ज्याची त्यानं कार्डं धरली. बोर्डावर चारचा खांब उंच, पाचचा लहान, वीसचाही एक इवलासा. मॅडमनी हिरवा रंग दाखवलाच नाही. म्हणाल्या, "शेजाऱ्याला पटवून द्या."

"वीस भागिले पाच, चार! विषय संपला," तन्वी म्हणाली.

"संपला नाय," शेजारचा फैजान म्हणाला. "पयली कुंडी तर सुरुवातीलाच हाय. तिच्यासाठी चालायला कुठं लागतं?"

"मावशी, तुम्ही रोज पाणी घालता. तुम्हीच सांगा ना!" तन्वीनं मला हाक मारली.

अख्खा वर्ग दाराकडे वळला. सरही. उत्तर माझ्या ओठावर होतं. पण सांगितलं असतं तर पुन्हा टेपच लावल्यासारखं झालं असतं.

"पाणी घालायचं काम माझं. मोजायचं तुमचं," मी म्हणाले.

तन्वी तरातरा बोर्डाकडे गेली. बोटानं रेघ ओढली, पाच-पाच मीटरच्या चार उड्या काढल्या. मग रेघेवर कुंड्यांचे गोल काढत गेली. पाचवा गोल काढला आणि स्वतःच हसायला लागली.

"मॅडम, मी उड्या मोजल्या, कुंड्या नाही!"

दुसऱ्यांदा कार्डं वर झाली. पाचचा खांब उंच गेला. तरी दोन पोरं चारवर अडून बसली, त्यांना फैजान अजून समजावत होता. सर उठून व्हरांड्यात गेले. एकेका कुंडीकडे बोट करताना मला दारातून दिसले.

परत येऊन मॅडमना म्हणाले, "बोर्ड राहू द्या इथंच." मग माझ्याकडे वळले. "मावशी, दहावीलाही अशी कार्डं देऊ. आणि त्या रंगीत पट्ट्या का काढल्या? छान दिसायच्या. तिकडेही लावा."

"टेप संपली, सर."

घरी अजून दोन रिळं आहेत. पण पोरांनी विचार करावा असं वाटत असेल तर मदत थोडी हातची राखून करावी. हे मी शिकले, तेही चौथीतच.