मिठाईच्या खोक्यातलं पोर्क

कोलकात्यातला हा पोर्कवाला मला एकदाच भेटला, नाव विचारायचं राहूनच गेलं! कुठल्या भागातली माणसं किती पोर्क खातात, त्यातून त्यांना किती प्रोटीन मिळतं, असं आमच्या कॉलेजचं सर्वेक्षण होतं, आणि या माणसाला सगळं तोंडपाठ! गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याचा सुरा तयार.

"ही नागालँडची, हिला चरबी हवी. तो जिमवाला बंगाली, आधी यायचा नाही, आता दर रविवारी येतो. त्याला चरबी अजिबात नको."

मी फोनवरच्या फॉर्ममध्ये भराभर टाइप करत होते. काही पुड्या मात्र तो मिठाईच्या खोक्यात घालून सुतळीने बांधायचा. भाड्याने राहणाऱ्या मुलींसाठी, घरमालकाला कळू नये म्हणून.

"दादा, या मुली कुठल्या गल्लीत राहतात? फॉर्ममध्ये रकाना आहे."

सुरा थांबला. "दीदी, राज्य लिहा, गल्ली नका लिहू. मागे घरमालकाने खोका उघडून बघितला, एका नर्सची खोली गेली."

"अहो, पण सरांना पूर्ण फॉर्म लागतो!"

तो पुन्हा कापायला लागला. मग मीही अर्धा किलो मागितलं.

"तुम्ही कुठे राहता?" त्याने सहज विचारलं.

मी आईबाबांबरोबर बालीगंजला राहते. आमच्याकडे चिकनच्या पुढे काही चालत नाही. तोंडातून भलतंच निघालं, "डमडम."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि काही न विचारता मिठाईचा खोका काढला.

गल्लीचा रकाना मी तिथेच, उभ्या उभ्या काढून टाकला.