डेल्मिराची मेणबत्ती

मदर कांदेलारियाला अत्रातो नदीसुद्धा वचकून असते, असं लोक म्हणायचे. नावाड्याची पोर ती, वल्ह्याशी खेळतच वाढली. पुढे सिस्टर झाली, मठाची प्रमुख झाली, पण आवाज धक्क्यावरचाच राहिला. एकदा बंदुका घेतलेली चारदोन टाळकी मठाच्या दारात आली, तर ही कंबरेवर हात ठेवून पुढच्याला म्हणाली, "तुझ्या आईला ओळखते मी. बोलावू का तिला?" गेली बिचारी खाली मान घालून. अशी बाई! तिनं 'जा' म्हटलं की सिस्टर निघायची. आज्ञापालनाचं व्रतच असतं त्यांचं, तिथं 'पण' चालत नाही.

सिस्टर डेल्मिराच्या तोंडून मात्र 'पण' निघाला. नदीच्या खालच्या अंगाला, सान मेल्चोर गावात मठाची शाळा होती, तिथं शिकवायला कोणी नव्हतं. नदी फुगली होती. "जाते मदर, पण मला पाण्याची भीती वाटते हो. पाणी उतरेपर्यंत थांबू?"

"विचारत नाहीये मी, सांगतेय."

होडी वळणावर उलटली. नावाडी पोहून निघाला, डेल्मिरा सापडली नाही.

बुडालेलं माणूस सापडलं नाही, की त्या नदीवर भोपळ्याच्या वाटीत मेणबत्ती लावून सोडतात. वाटी थांबेल त्याच्या खाली माणूस. डेल्मिराची वाटी थांबेचना. गरगर फिरली, प्रवाहाविरुद्ध उलटी आली आणि मठाच्या पायरीला लागून उभी राहिली. घरोघरी कुजबुज सुरू झाली, की डेल्मिरा मदरला न्यायला आलीय.

मदरनं ती कुजबुज उडवून लावली असती, पण तिला पावलं ऐकू यायला लागली. ओली, चपचप वाजणारी. प्रार्थनेत, जेवताना, भर दुपारी. पाठीमागे येऊन थांबायची. जणू पुढच्या हुकुमाची वाट बघत. मदरनं हुकूम देणंच सोडलं. "जमलं तर कर गं बाई," एवढंच म्हणायची. कपडे भिजत पडू लागले, घंटा कोणी वाजवायची यावरून वाद होऊ लागले.

स्वयंपाकीण पास्क्वाला तोंडाची फटकळ. "मदर, 'जमलं तर' म्हणून केळी तळली जात नाहीत!"

"मग तूच सांग सगळ्यांना."

"मी सांगायला लागले ना, तर पोपसाहेबांनाही भांडी घासायला बसवीन!"

सगळ्या हसल्या, मदर नाही. सान मेल्चोरची शाळा अजून बंदच होती. पुन्हा कुणाला 'जा' म्हणणं तिच्यानं होईना, आणि प्रमुखाला मठ सोडून जाता येत नव्हतं. म्हणून नव्या प्रमुखाच्या निवडणुकीत तिनं सगळ्यांपुढे हात जोडले, मला मोकळं करा. तिच्याच हाताखाली तयार झालेली बेर्ता निवडून आली. कांदेलारिया लगेच तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"सान मेल्चोरला मला पाठवा, मदर."

बेर्तानं तिला उठवलं. तिचेही डोळे भरले होते. "तुम्ही पोरांसाठी नाही, डेल्मिरासाठी चाललात. तुम्ही इथंच राहाल. सिस्टर नोराल्बा जाईल."

"नदी चढलीय."

"तुमच्याकडूनच शिकले मी. एकदा सांगितलं की सांगितलं."

धक्क्यावर नोराल्बा होडीत बसली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. निरोप द्यायला वाकलेल्या कांदेलारियाचा हात तिनं घट्ट धरला. "एकदा नको म्हणा ना. तुम्ही म्हणालात तर मी उतरते."

"उतर," कांदेलारिया म्हणाली, आणि तिला वर ओढून स्वतः होडीत बसली.

"खाली या!" बेर्ता ओरडली. "हुकूम आहे माझा!"

"ऐकला गं पोरी. डेल्मिरानंही माझा ऐकला होता." तिनं नावाड्याकडं बघितलं. "सोड होडी."