हळदी-कुंकवाच्या नावाखाली

आमच्या महिला मंडळाची मीटिंग कधी मीटिंग म्हणून भरलीच नाही. ती हळदी-कुंकू म्हणून भरते. 'मीटिंगला जाते' असं सुनेनं म्हटलं की घरातून प्रश्न सुरू होतात. कसली मीटिंग? भाकरी कोण थापणार? पुरुष कोण कोण येणारेत? पण 'हळदी-कुंकवाला जाते' म्हटलं की कुणाची आडवं यायची टाप नाही. उलट सासूच म्हणते, जरा बरं लुगडं नेस.

ही युक्ती आक्काची. आक्का माझी शेजारीण आणि मंडळाची पहिल्यापासूनची अध्यक्ष. तिच्या सासरी एके काळी मेंढरं होती, आता ऊस आहे. मी मोरगावकडची, जिरायती गावातली. लग्न होऊन इंदापूर तालुक्यात, कळंबच्या बाजूला आले तेव्हा वाटलं, रान इतकं हिरवं आहे तर माणसंही मोकळ्या मनाची असतील. कसलं काय! वर्षभर मी चूल आणि गोठा सोडून काही पाहिलं नाही. मग एक दिवस आक्का आमच्या दारात उभी राहिली आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खणखणीत आवाजात म्हणाली, "सुनंला हळदी-कुंकवाला लावून द्या वो." त्या दिवशी मी गाव पाहिलं.

संक्रांत, चैत्रगौर, श्रावणातले शुक्रवार. ज्या महिन्यात काहीच नसेल त्या महिन्यात आम्ही कुणाचा तरी नवस फेडायचो. आमच्या गावाइतके नवस सबंध जिल्ह्यात फिटले नसतील. करंडा फिरत असायचा आणि कामाचं बोलणं चाललेलं असायचं. फाट्यावर एसटी थांबत नव्हती, पोरींचं बारामतीचं कॉलेज सुटायला लागलं होतं. डेपोत जाऊन साहेबांच्या केबिनबाहेर बसायचं हे अशाच एका हळदी-कुंकवात ठरलं. बसलो. बोलली आक्का, आम्ही मागं पदर सावरत उभ्या. एसटी थांबायला लागली. समाजमंदिरामागची पडीक खोली मंडळाला मिळाली, तिथं शेवयांचं मशीन आलं. तेही आक्कानं ग्रामसभेत उभं राहून मागितलं होतं. आम्हा बाकीच्यांचा आवाज खोलीत मोठा आणि ग्रामसभेत घशात अडकलेला.

आता मंडळाचा फोनवर ग्रुप आहे. तरी बोलावणं अजून घरोघर जाऊनच करावं लागतं, तेही मोठ्यानं. सासूच्या कानावर पडल्याशिवाय त्याला किंमत नाही.

मागच्या दिवाळीच्या तोंडावर आक्काचा नवरा गेला. मोटार चालू करायला मळ्यात गेला होता, तिथंच छातीत कळ आली. सगळं गाव लोटलं. मंडळाच्या बाया तर तिच्या घरून हलत नव्हत्या. पिठलं-भाकरी करून नेत होत्या, गाईंच्या धारा काढत होत्या. कुणाच्या मायेत खोट नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढं जे झालं तेही याच बायांनी केलं.

संक्रांतीचं बोलावणं निघालं. मी दारात ज्वारी पाखडत बसले होते. मंडळाची सेक्रेटरी, चांगली पदवी घेतलेली मुलगी, माझ्याकडं आली, पलीकडच्या घरी गेली आणि आक्काच्या दारावरून मान खाली घालून झपाझप पुढं निघाली.

मी हाक मारली. "आगं, आक्काचं ऱ्हायलं!"

"त्यास्नी कसं बोलवायचं वो? हळदी-कुंकू हाय न्हवं."

"हळदी-कुंकू कुठलं? मीटिंग हाय ती."

"व्हय, पर नावानं तर हळदी-कुंकूच हाय."

तळपायाची आग मस्तकाला गेली. दुपारी त्याच रागात खोलीवर गेले. त्या दिवशी महत्त्वाचं बोलायचं होतं. तरुण मंडळाच्या पोरांना आमची खोली जिमसाठी हवी होती आणि ग्रामसभा जवळ आली होती. मी म्हटलं, खोलीचं नंतर बघू, आधी अध्यक्ष कुठंय ते सांगा. कुणी तिळगूळ मोडायला लागली, कुणी फोनमध्ये बघायला. एक थोरली बाई समजुतीनं म्हणाली, "तिला वाईट वाटंल म्हनून न्हाय बोलावलं गं."

वाईट वाटेल म्हणून! याच बाया महिला दिनाला फ्लेक्सखाली बसल्या होत्या. पाहुण्या बाई सक्षमीकरणावर बोलत होत्या आणि आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होतो. फोटोत मधोमध आक्का. तेव्हा ती आमची वाघीण होती. कपाळावरचं कुंकू गेलं आणि वाघीण आमच्या लेखी संपली. घरच्यांना फसवायला काढलेलं हळदी-कुंकू आमच्याच मनात कधी खरं होऊन बसलं, कळलंही नाही. हे मी सगळ्यांच्या तोंडावर बोलले आणि करंड्याला हात न लावता निघून आले.

घरी येऊन आत्याबाईंपुढं पुन्हा तेच तावातावानं सांगायला लागले. त्या शेंगा फोडत होत्या. बराच वेळ ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "आक्काला एकदा बोलावलं न्हाय तर तुजा एवढा जीव जळतोय. माज्या दारात हुबं ऱ्हाऊन इतकी वरसं तुला बोलवत्यात. मला कवा कुणी बोलावलं का?"

आत्याबाई तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या दिवशी आक्कानं खणखणीत आवाजात हाक दिली ती त्यांच्या डोक्यावरून मला दिली होती. मंडळ निघाल्यापासून त्यात एकही विधवा नव्हती, आणि गावातल्या सगळ्या महिलांचं मंडळ म्हणून आम्ही मिरवत होतो. आता रागवायचं कुणावर? माझा राग मात्र कमी झाला नाही. तो सगळ्यांना पुरून उरला.

दुसऱ्या दिवशी आक्काकडं गेले. ती गाईला पेंड घालत होती. मी घडलं ते सांगितलं, आत्याबाईंचं बोलणंही सांगितलं. ती गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"युक्ती माजीच की," ती म्हणाली. "लई ब्येस चालली."

"खोलीचं ठरायचं राहिलंय, परत बसावं लागेल. पण आता मीटिंगला मीटिंगच म्हणायचं. मी बोलावणं करते."

"मीटिंग म्हनलीस तर निम्म्या बाया उंबरा वलांडायच्या न्हाईत. ग्रामसभा आलीया. खोली जाईल."

"मग जाऊ दे खोली!"

"तुज्या बापाची हाय व्हय जाऊ द्यायला?" आक्का भडकली. नवरा गेल्यापासून तिचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "बोलावणं मी करते."

आणि तिनं केलं. मोकळ्या कपाळानं, सकाळच्या उन्हात, घरोघर. मी तिच्याबरोबर होते. ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "हळदी-कुंकू हाय, सुनंला घिऊन तुमीबी या." एका सासूनं तर घाईघाईनं करंडा पदराखाली झाकला. आमच्या दारात आली तेव्हा तिनं आधी वाकून आत्याबाईंच्या पायाला हात लावला आणि मग म्हणाली, "चुकलं माजं. या." आत्याबाई आत जाऊन लुगडं बदलून आल्या.

दुपारी खोली भरली. आत्याबाई आणि मी पोचलो तेव्हा आक्का दाराबाहेर उभी होती. मी तिचा हात धरला, म्हटलं, चल आत. तिनं हात सोडवून घेतला.

"सबंद गावाला बोलावणं मी केलं," ती म्हणाली. आवाज आत जाईल इतका मोठा होता. "मला कुणी केलं?"

"मी करते, चल."

"तू नगं. त्या म्हनू देत."

आत सगळ्यांनी ऐकलं होतं. सेक्रेटरी खाली बघत सतरंजीचा दोरा ओढत होती. आत्याबाई पायरीवर आक्काशेजारी जाऊन बसल्या, मीही बसले. आत करंडा एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरत राहिला, आणि मीटिंग काही कुणाला सुरू करता येईना.