शेवटची शाल

नाव: हिलाल दगा भामरे. पद: शिपाई, माध्यमिक विद्यालय, तालुका शिंदखेडा. सेवा: एकतीस वर्षे. कामाचे स्वरूप: सत्कारसमयी तबक धरणे व इतर. शेरा: समाधानकारक.

दहावीच्या निरोप समारंभातच हिलालच्या निवृत्तीचा सत्कार उरकायचा होता. तो बघायला बायको मंजुळाबाई पहिल्यांदाच शाळेत आली होती. शालींचं तबक धरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेही हिलालनेच धरलं. पाहुण्यांबरोबर एक पुढारी न बोलावता आले. मुख्याध्यापकांनी शेवटची शाल त्यांना घातली. हिलालने सवयीने तबक पुढे केलं होतं.

घरी जाताना मंजुळाबाईने विचारलं, "तुमनी शाल कोठे शे?"

"मन्हाच हातमा व्हती," तो म्हणाला.

शाळेच्या अहवालात 'शाल देऊन सत्कार' अशी नोंद आहे. सोबतच्या फोटोत हिलालचं कोपर आलं आहे.