मामाजी आधी आत जातात

रविवार, सात जून. सकाळचे साडेआठ, आमच्या वॉर्डाचं समाजभवन, बालाघाट. हजर : मुलंमुली अकरा, माझे मामेसासरे आणि मी. गैरहजर : रोशनी, सलग तिसऱ्यांदा.

माझ्या मामेसासऱ्यांइतका तिखट कानाचा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल, आणि कानामुळे इतरांना इतका ताप देणाराही नसेल. मामाजींची सारी नोकरी मॅंगनीजच्या खाणीत गेली. पाळीची माणसं आत जाण्याआधी एकट्यानं पुढं जायचं, लांब सळईनं छत ठोकायचं आणि ऐकायचं, हे त्यांचं काम. आवाज खणखणीत आला तर माणसं आत, भद्द आला तर सगळे मागं. निवृत्तीनंतर सळई खाणीत राहिली, सवय घरी आली. छत्रीच्या टोकानं ते टरबूज ठोकतात, दार ठोकतात, बसमध्ये चढण्याआधी पायरी ठोकतात. लांजीला एका लग्नात नवरानवरी स्टेजकडं निघाली, तर हे आधी वर. ठोकठोक करून त्यांनी वरात खालीच थांबवली. अर्ध्या तासानं मंडपवाल्याला दोन फळ्यांत खिळेच नसल्याचं सापडलं. कौतुक झालं, पण तेव्हापासून नातेवाईक त्यांना मुहूर्ताची वेळ तासभर उशिराची सांगतात.

रविवारचा मुलांचा वर्ग मी सुरू केला तेव्हा मामाजी बोलावल्याशिवाय आले. मी रजिस्टर आखलं होतं : नाव, वर्ग, टक्के, अडचण, उपाय. ते भवनात एकटे फिरून आले, मग दारात उभे राहून आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारू लागले, "जेवला का, बेटा?" सकाळी साडेआठला! मी म्हटलं, "मामाजी, दर वेळी तेच काय विचारता?"

"मी उत्तर कुठं आयकतो, सूनबाई? आवाज आयकतो."

आणि खरंच, एखाद्याला ते हलकेच आपल्या शेजारी बसवून घेत; तासाभरानं कळे की त्याच्या घरी आदल्या दिवशी काहीतरी बिनसलं होतं. "हौ, जेवलो" एवढ्यात त्यांना काय ऐकू येतं हे मी तीनदा वहीत टिपून पाहिलं. काही हाती लागलं नाही.

पहिल्या रविवारी कोणी तोंड उघडेना, तेव्हा मामाजी आपलंच सांगू लागले. "मले कोंबड्याचं लय भेव लागते."

एक पोरगा खिदळला. "मामाजी, खदान में नहीं डरे, और मुर्गे से डरते हो?"

"खदानीतला दगड मागं धावत नाही न बे!"

हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "आमच्या पाळीत एखादा म्हणे, आज मले भेव लागून राह्यलं, तर त्याले कोणी हसत नव्हतं. भ्यालेल्याचे कान तेज असते. त्यालेच आधी विचारो, काय आयकलं तू?"

मग मुलं एकेक बोलू लागली. रोशनी सर्वांत शेवटी, आणि सहाव्या रविवारी. बारावी झाली, घरच्यांना तिला नर्सिंगला घालायचं आहे, रक्त पाहिलं की तिचे हातपाय गार पडतात आणि घरी सांगायची हिंमत नाही. "बस, यहीं बोल सकती हूँ," म्हणाली.

मी व्यवस्थित माणूस. घरी येऊन रकाने भरले. रोशनी, अडचण : घरी बोलायची भीती, उपाय : पालकांशी चर्चा. आणि झाडण्याच्या पाळ्यांची यादी लावते तसा त्या रकान्यांचा कागदही भवनाच्या दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी तिचे काका भवनात खुर्च्या मागायला आले आणि वाचून गेले. त्यानंतर रोशनी आलेली नाही. तिच्या दोन मैत्रिणींकरवी निरोप धाडला, तर उत्तर आलं, "उधर अब नहीं आना."

मामाजी माझ्यावर रागावले नाहीत. नखानं हळूहळू कागद सोडवत म्हणाले, "धोक्याच्या जागेवर आम्ही चुन्याची खूण करो, सूनबाई. माणसावर नाही करत."

"तुम्हीच जाऊन या ना तिच्याकडे. तुमचं ती ऐकेल."

"लिहिलं कोणं?"

आता वर्ग ते मुद्दाम उशिरा सुरू करतात. कधी पंखा तपासतात, कधी खिडकीची कडी. नजर मात्र रस्त्यावर. आजही सव्वानऊ केले.

रजिस्टरमधले शेवटचे तीन रकाने मी फाडून टाकले. रोशनीशी आणि तिच्या घरी काय बोलायचं याचे पाच मुद्दे काढले होते. मामाजींनी तो कागद मागून घेतला आणि खिशात घातला. "मोकळ्या हातानं जा," म्हणाले. तिचं घर इथून चार गल्ल्या. दुपारपासून दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. अजून जायचं आहे.